ड्रोनचा फोटो आधी मुकादमाला

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला की गोव्यात साइटी पुन्हा सुरू होतात. चार महिने पायाची कामे जवळजवळ बंद असतात. खड्ड्यांत पाणी साचलेले, कापलेल्या डोंगरावर कमरेएवढे गवत, परांचीच्या जोडांवर गंज. मग ऑक्टोबरात पोकलेन धडधडू लागते, गावाकडून आलेली नवी टोळी पत्र्याच्या खोल्यांत वळकट्या टाकते आणि मालकापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना मागे पडलेले काम भरून काढायचे असते. वर्षात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच दिवसांची. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि तिच्याखाली उभी राहणारी माणसे जागेला नवखी असतात.

मी फोंड्याची. सिव्हिलचा डिप्लोमा करून साइट इंजिनिअर म्हणून लागले, पुढे सुरक्षेची जबाबदारी अंगावर आली आणि आता ड्रोन उडवून सर्वेक्षण आणि पाहणी करणे हेच माझे मुख्य काम आहे. ड्रोनमुळे वेळ वाचतो, पैसा वाचतो हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मला पोटतिडकीने सांगायचे आहे ते एवढेच की वरून काढलेला फोटो ऑफिसात जाण्याआधी मुकादमाच्या आणि त्याच्या माणसांच्या हातात पडला पाहिजे. ज्या कड्याचा तो फोटो आहे, त्या कड्याखाली आज दिवसभर तेच उभे राहणार असतात.

डोंगरउतारावर काम करायचे तर आधी इथली जमीन समजून घ्यावी लागते. वर चिऱ्याचा कठीण थर. तो उभा कापला तरी वर्षानुवर्षे तसाच राहतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. चिऱ्याच्या खाली शेडी लागते, पांढरट-गुलाबी, ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत. उन्हाळ्यात ती घट्ट वाटते, पण पाणी मुरले की तिचा जोर जातो आणि वरचा चिऱ्याचा थर मोठमोठ्या तुकड्यांनी पुढे सरकतो. कोसळण्याआधी कडा बऱ्याचदा खूण देतो. माथ्यावर, काठापासून थोडे मागे, काठाला समांतर अशी भेग पडते. ही भेग खालून दिसत नाही. पूर्वी ती पाहायला कोणाला तरी वर चढून अगदी काठापर्यंत जावे लागे. म्हणजे जी जागा सुटेल अशी शंका आहे, नेमका तिथेच माणूस उभा करायचा. आणि तो माणूस कोण? बहुतेक वेळा टोळीतला सगळ्यात तरुण बिगारी, कारण तो चपळ असतो आणि नाही म्हणत नाही.

ड्रोनने हे काम पहिल्या दिवसापासून आमच्या अंगावरून उतरवले. सकाळी काम सुरू होण्याआधी कड्याच्या माथ्यावरून एक फेरी, मग कड्याच्या समोरून, कॅमेरा सरळ कड्याकडे वळवून दुसरी. माथ्यावरची भेग, तुंबलेले चर, काठावर कोणी टाकलेला मातीचा ढीग, मुळांसकट कलंडलेले झाड, सगळे दिसते. मात्र ऑक्टोबरात गवतामुळे भेग झाकलेली असते. म्हणून माथ्याच्या काठापासून मागचा पट्टा कमरेला दोर बांधून, सुरक्षित अंतरावरून साफ करून घ्यावा आणि मगच उड्डाण करावे. हे न करता काढलेला सुंदर हिरवागार फोटो काही कामाचा नाही.

फोंड्याजवळच्या एका उतारावर गृहप्रकल्पाचे काम चालू होते. मुकादम विजापूरकडचे. गोव्यात येऊन त्यांना इतका काळ लोटला आहे की त्यांच्या एका वाक्यात मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड सुखाने नांदतात. मी त्यांना मामा म्हणते. सकाळचा फोटो टॅबवर उघडून मी माथ्यावरची रेघ दाखवत होते, तेवढ्यात त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कड्याच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"मॅडम, हे बघा. बाकीचा कडा सुकला, एवढाच पट्टा ओला कसा? परवाचा पाऊस सगळीकडे पडला ना? ह्याला वरून कुठून तरी पाणी लागतंय."

आम्ही वरच्या बाजूने रस्त्याला वळसा घालून गेलो. रस्त्याकडेचे गटार फुटले होते आणि सगळे पाणी आमच्या हद्दीकडे जिरत होते. पाणी तिथल्या तिथे वळवले, त्या पट्ट्याखालची जागा दोर लावून बंद केली आणि कडा पायऱ्यापायऱ्यांनी मागे कापून होईपर्यंत तिथे कोणाला फिरकू दिले नाही. ड्रोनने फोटो काढला होता, पण त्यातला धोका वाचला तो जन्मभर माती हाताळलेल्या माणसाने. तो फोटो संध्याकाळी ईमेलने मुंबईच्या ऑफिसात गेला असता तर तिथल्या कोणाला तो पट्टा सावलीसारखा वाटला असता.

त्याच साइटवर आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला ड्रोनच्या सगळ्या उपयोगांत मोलाची वाटते. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटे सुरक्षेची सभा होते. टोळीत कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, कोणी बंगालचा, कोणी गदग-बागलकोटचा. हिंदीत सूचना दिल्या की सगळे मान डोलावतात. ती मान कळल्याची आहे की उरकण्याची, हे ओळखता येत नाही. मी भिंतीवर साइटचा वरून काढलेला मोठा फोटो लावू लागले. लगेच चित्र पालटले. माणसे आधी स्वतःची खोली शोधतात, मग चहाची टपरी, मग आपण कुठे काम करतो ती जागा. बोटे फिरू लागतात, आपसात बोलणे सुरू होते.

त्या फोटोत कड्याच्या अगदी पायथ्याशी एक बारीक पांढुरकी रेघ होती. नकाशात तिथे रस्ता नव्हता. कामगारांसाठी आखलेली वाट पलीकडून, कठडा लावलेली, व्यवस्थित होती. ओडिशाच्या एका पोराने त्या रेघेवर बोट ठेवून सांगितले की पाण्याच्या टाकीकडे जायची वाट हीच, आखलेल्या वाटेने फार फिरून जावे लागते. म्हणजे ज्या कड्याखाली जाऊ नका असे आम्ही फलकावर लिहिले होते, त्याच कड्याखालून माणसे दिवसभरात तहान लागेल तेव्हा ये-जा करत होती. फलक मोठा करून काही होणार नव्हते. आम्ही टाकीच हलवली. पुढच्या आठवड्याच्या फोटोत त्या रेघेवर गवत धरू लागले होते.

माणसे खरोखर कुठून चालतात हे वरून फार स्पष्ट दिसते. टिप्पर मागे कुठे घेतात, जेसीबीच्या फिरणाऱ्या हाताच्या आवाक्यात कोणाची वाट येते, सळई कापण्याची जागा आणि जेवणाची जागा एकमेकांना किती खेटून आहेत. सुरक्षेचा आराखडा ऑफिसात बसून काढलेला असतो. पायवाटा माणसांनी स्वतःच्या सोयीने पाडलेल्या असतात. दोन्ही एका कागदावर एकावर एक ठेवून पाहिले की कुठे काय हलवायचे ते लगेच कळते.

मे महिन्यातली गोष्ट वेगळी. पाऊस येण्याआधी छपरे तपासायची गडबड गोव्यात घरोघरी असते, आणि औद्योगिक वसाहतींत तर विचारू नका. कुंडई, बेतोडा, वेर्णा इथल्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. उन्हापावसाने ते ठिसूळ झालेले असतात, वरून मात्र धडधाकट दिसतात. जाणता माणूस पत्र्याखालच्या आडव्या आधारपट्टीवरच्या बोल्टच्या रांगेवरूनच पाऊल टाकतो. नवखा माणूस बोल्टच्या दोन रांगांच्या मध्ये पाय देतो आणि पत्र्यासकट खाली येतो. बांधकामाच्या क्षेत्रात सर्वांत जास्त जीव उंचीवरून पडून जातात, हे जगभराचे वास्तव आहे, आणि त्यात ठिसूळ छपरे फार वाईट. गळती शोधण्यासाठी म्हणून कोणाला वर चढवणे आता मला अक्षम्य वाटते. पंधरा-वीस मिनिटांच्या उड्डाणात प्रत्येक पत्र्याचा जवळून फोटो मिळतो. कुठल्या रांगेतला कितवा पत्रा तडकला आहे, कुठल्या बोल्टचा वॉशर उडाला आहे ते जमिनीवर बसून ठरवता येते. दुरुस्तीला माणूस जाईलच, पण तो नेमक्या जागी, फळी टाकून, सुरक्षेचा पट्टा अडकवून जाईल. अख्ख्या छपरावर भटकणार नाही.

सपाट गच्चीच्या गळतीला थर्मल कॅमेरा उपयोगी पडतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी निवू लागतो, तेव्हा ज्या भागात पाणी मुरलेले आहे तो उशिरा निवतो आणि कॅमेऱ्यात उबदार डाग म्हणून दिसतो. किनाऱ्याजवळच्या जुन्या इमारतींच्या छज्ज्यांसाठीही मी ड्रोनच वापरते. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगते, काँक्रीटला तडे जातात, पापुद्रे सुटतात. हे पाहण्यासाठी दोरांनी टांगलेल्या झुल्यावर माणूस सोडण्याची गरज राहिलेली नाही. फक्त पोकळ झालेला गिलावा हातोडीने ठोकूनच ओळखावा लागतो, तिथे ड्रोनचे काही चालत नाही.

आता मोजमापाकडे येते, कारण मालक लोक ड्रोन बोलावतात ते मुख्यतः त्यासाठी. किती माती कापली, किती भराव टाकला, खडीच्या ढिगात किती माल आहे, यावरून कंत्राटदार आणि मालक यांचे दर बिलाला वाजते. पूर्वी टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र लावून एक पोरगा काठी धरून ढिगावर, खड्ड्यात, टिप्परांच्या मधून फिरत असे. माझ्या डोळ्यांसमोर तोच पोरगा येतो. मागे येणाऱ्या टिप्परच्या आरशात तो दिसत नाही, आणि त्याचे लक्ष काठीवरच्या बुडबुड्याकडे असते. दोन-तीन हेक्टरच्या जागेला असा दिवस-दीड दिवस लागे आणि तेवढा वेळ एक तर गाड्या थांबवाव्या लागत किंवा त्या पोराच्या जिवाशी खेळावे लागे. ड्रोन तीच जागा जेवणाच्या सुट्टीत उरकतो. यंत्रे थांबलेली, माणसे सावलीत.

पण मोजमाप नीट व्हायला शिस्त लागते. एकामागून एक फोटो पुढच्या दिशेला ७५ ते ८० टक्के आणि शेजारच्या रांगेशी ६५ ते ७० टक्के एकमेकांवर यावे लागतात, म्हणजे जमिनीवरचा प्रत्येक बिंदू अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून सापडतो आणि संगणक त्याची उंची काढू शकतो. २० मेगापिक्सेलचा एक इंची सेन्सर असलेला कॅमेरा ६० मीटरवर असला की एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण १.६ सेंमी. १०० मीटरवर गेलात की तेच २.७ सेंमी होते. उंचीतली चूक त्याहून जास्त येते. जमिनीवर खुणेच्या फळ्या ठेवून, त्यांची जागा आणि उंची अचूक मोजून, ती साइटच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची पक्की ठरलेल्या खुणेशी, जोडल्याशिवाय काढलेल्या आकड्यावर मी सही करत नाही. ड्रोनवरचा जीपीएस कितीही भारी असला तरी उपग्रहाने दिलेली उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काही खुणा हिशेबात न धरता फक्त पडताळणीसाठी ठेवायच्या. ज्या अहवालात पडताळणीच्या खुणांवरचा फरक दिलेला नाही, तो परत पाठवावा.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, गवत. फोटोवरून काढलेली उंची ही कॅमेऱ्याला दिसणाऱ्या पृष्ठभागाची असते. काजूच्या किंवा माडांच्या छायेखालची जमीन त्याला दिसत नाही, आणि पावसानंतरच्या गवताचा शेंडा तो जमीन समजतो. एका हेक्टरवर उंचीत १० सेंमीची चूक म्हणजे १,००० घनमीटरचा फरक. १० घनमीटरच्या टिप्परच्या शंभर खेपा झाल्या. म्हणून कामाआधीचे मूळ सर्वेक्षण झाडी-गवत साफ झाल्यावर, पण कापणी सुरू होण्याआधी, मालक आणि कंत्राटदार दोघांसमोर करावे. त्या एका दिवसाने पुढचे सगळे भांडण मिटते. डोंगरकापणीला आपल्याकडे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते. मंजूर रेषेच्या आतच कापले आहे हे तारखेसह दाखवता येणे, ही प्रामाणिक बांधकामदाराची ढालच आहे. आणि रेषा ओलांडली असेल तर तेही त्याच फोटोत दिसते, जे गावाच्या दृष्टीने चांगलेच आहे.

परवानगीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या छोट्या राज्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी, जिथे नौदलाचा हंसा तळ आहे, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमीच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग, म्हणजे हवाई नियंत्रण पाहणाऱ्यांची परवानगी हवी. त्याहून जवळ लाल भाग असू शकतो. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे वेगळी परवानगी नको, त्यावर पिवळा. इतर हिरव्या भागात ४०० फुटांची मर्यादा. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी. पेडण्यात मोप्याच्या आसपास किंवा चिखली, सांकवाळ, वास्को भागात घर बांधणाऱ्याने "मित्राकडे ड्रोन आहे, तो काढून देईल" असे म्हणू नये. अधिकृत नकाशा त्या दिवशी, त्या जागेसाठी पाहावा. नकाशा बदलत असतो.

ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर व्यावसायिक कामासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही. आखातातून सुट्टीवर येताना कोणाचे भाऊ किंवा काका ड्रोन घेऊन येत असत. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात तयार झालेल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद वगळून. हे माहीत नसलेली माणसे अजूनही भेटतात.

साइटवरचे माझे काही नेम आहेत आणि ते मी कोणाच्या घाईसाठी मोडत नाही. काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून उडवायचे नाही. माणूस परांचीवर असताना त्याच्याजवळ न्यायचे नाही, आवाजाने त्याचे लक्ष उडाले तर सुरक्षेसाठी आणलेल्या यंत्रानेच अपघात होईल. सळयांच्या जाळीवरून किंवा ताज्या स्लॅबवरून उड्डाण सुरू करायचे नाही, लोखंडाने ड्रोनचा कंपास बिघडतो. ड्रोन आपोआप परत येतो ती परतीची उंची साइटवरच्या क्रेनपेक्षा आणि शेजारच्या माडांपेक्षा जास्त ठेवायची. किनारपट्टीला दुपारनंतर वारा चढतो, म्हणून सकाळची वेळ धरायची. घार घिरट्या घालू लागली की खाली उतरवायचा. आकाश तिचे आहे, आपण थोड्या वेळासाठी आलेले असतो.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगणे हा नेम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मागच्या अंगणात विहिरीवर कोणी आंघोळ करत असते, कोणी कपडे वाळत घालत असते. डोक्यावर कॅमेरा घरघरला तर कोणालाही राग यावा. एका वाड्यावर आजीने मला हाक मारून विचारले, "काय गो, आमची जमीन मोजतेस काय?" एप्रिल २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावोगावी ड्रोनने घरांचे नकाशे काढले गेले, त्यामुळे ड्रोन म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे काहीतरी आपल्या हातचे जाणार, अशी धास्ती लोकांना असते. मी आजीला टॅबवर दाखवले की कॅमेरा फक्त कड्याकडे वळलेला आहे. मग त्यांनीच सांगितले की त्यांच्या लहानपणी त्या उतारावरून झरा वाहायचा. ती माहिती कुठल्याच आराखड्यात नव्हती आणि आम्ही पाण्याचा निचरा आखताना ती धरली.

एका मालकाने मला अकरा वाजता आणि चार वाजता उड्डाण करायला सांगितले होते. कोण बसलेले आहे, कोण विडी ओढते आहे ते पाहायला. मी नकार दिला आणि काम सोडायची तयारी ठेवली. मे महिन्याच्या उन्हात सळया बांधणारा माणूस सावलीत बसतो, तेव्हा तो स्वतःला वाचवत असतो. त्याला बसलेला मोजण्यासाठी ड्रोन वापरला की दुसऱ्या दिवसापासून सगळी टोळी त्या यंत्रापासून लपू लागेल. मग त्या ओडिशाच्या पोरासारखे कोणी फोटोवर बोट ठेवून "आम्ही इथून जातो" असे सांगेल का? सुरक्षेची सगळी माहिती त्या एका विश्वासावर येते. तो गेला की उरतो फक्त चकचकीत व्हिडिओ.

ड्रोनला काय दिसत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. स्लॅब भरताना सेंट्रिंगखालचे टेकू, त्यांच्याखालची जमीन, टेकूंना आडवे बांधलेले आधार, हे सगळे छताखाली असते आणि तिथे माणसानेच वाकून पाहावे लागते. काँक्रीटचा दर्जा, कॉलममधल्या सळईचे प्रमाण, आराखड्याची तपासणी यातले काहीच वरून कळत नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी या भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली, बहुतेक पोटासाठी दुरून आलेले कामगार. ड्रोन असता तर ते वाचले असते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तिथे हवी होती ती आराखड्याची, मालाची आणि देखरेखीची चोख तपासणी. मी ड्रोन विकत नाही, त्यामुळे मला हे मोकळेपणाने सांगता येते. ज्या साइटवर वरून काढलेले सुरेख फोटो आहेत आणि खाली टेकूंना तळफळ्या नाहीत, ती साइट सुरक्षित नाही.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण करून ते डेटा लेक या पोर्टलवर टाकणे सक्तीचे केले. काम किती पुढे गेले हे त्यातून दिसते. माझे मागणे असे आहे की आपल्याकडच्या खाजगी आणि सरकारी कामांच्या निविदांतही ड्रोनची बाब असावी, आणि त्या बाबीत प्रगतीच्या चित्रीकरणाबरोबर आणखी काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पाऊस सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कड्यांच्या माथ्यांची पाहणी. जोराच्या पावसानंतर काम पुन्हा सुरू करण्याआधी एक फेरी. छपरावर किंवा इमारतीच्या बाहेरच्या अंगाला माणूस चढवण्याआधी ड्रोनने पाहणी. कामगारांच्या चालण्याच्या वाटांचा दर पंधरवड्याला फोटो. आणि यातला प्रत्येक फोटो त्याच दिवशीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सभेत मुकादम आणि टोळीला दाखवला, त्यांनी काय सांगितले आणि त्यावर काय केले, याची नोंदवहीत सही. ड्रोन तसाही साइटवर आलेलाच असतो, उड्डाण वीस मिनिटांनी वाढेल एवढेच.

अशा बाबीचा एक मसुदा मी तयार केला आहे, बार्देशातल्या एका कामासाठी देणार आहे. सकाळच्या सभेची नोंद ठेवायचा एक पानी तक्ता त्याला जोडलेला आहे, मराठीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्येही. कन्नड मजकूर मुकादम मामांनी तपासून दिला. ओडिया आणि बंगालीत तो नीट लिहून देणारे कोणी असेल तर कळवावे, आणि ज्यांना आपल्या साइटसाठी हवा असेल त्यांनी खुशाल मागून घ्यावा.